अर्बुदरोधी जनुके

पेशीतील डीएनएला इजा झाली असता विभाजन रोखणारी, दुरुस्तीला वेळ मिळवून देणारी आणि दुरुस्ती अशक्य असल्यास पेशीला मरणाकडे नेणारी जनुके. ‘अर्बुददमनकारी’ असाही पर्याय मराठीत आढळतो. नाव पडले ते ही जनुके बिघडल्यावर काय होते त्यावरून: अर्बुद, म्हणजे कर्करोगाची गाठ, वाढते. निरोगी पेशीतील त्यांचे रोजचे काम राखणीचे असते.

संकल्पनेचे श्रेय बहुधा अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ आल्फ्रेड नुडसन यांना देतात. दृष्टिपटलाच्या अर्बुदाच्या ४८ रुग्णांवरून त्यांनी १९७१ मध्ये ‘दोन आघातां’चे गृहीतक मांडले: आनुवंशिक प्रकारात एक बिघाड जन्मापासून असतो, दुसरा नंतर घडतो. मात्र हे दोन आघात एकाच जनुकाच्या दोन प्रतींवर होतात, हे स्पष्टीकरण पुढचे, १९७३ च्या सुमाराचे आहे. त्याआधी १९६९ मध्ये हेन्री हॅरिस व सहकाऱ्यांनी कर्कपेशी सामान्य पेशीशी जोडली असता तिची अर्बुद निर्माण करण्याची क्षमता दबते, असे दाखवले होते. जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी विभाजन रोखणाऱ्या गुणसूत्रांची कल्पना १९१४ मध्येच मांडली होती, पण तिला प्रायोगिक आधार नव्हता. जनुकाचे कार्य हरवल्याने अर्बुद होते, या अर्थाने पाहता हॅरिस यांचा पुरावा नुडसन यांच्यापेक्षा अधिक थेट वाटतो. नुडसन यांनी सुचवलेले जनुक, आरबी१, १९८६ मध्ये हाती आले.

यांतील सर्वाधिक अभ्यासलेले जनुक टीपी५३ हे १७व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असते. त्याचे प्रथिन पी५३ हे १९७९ मध्ये अनेक प्रयोगशाळांना जवळपास एकाच वेळी आढळले. त्यामुळे शोधाचे श्रेय एकालाच देणे योग्य नाही. नावातील ५३ हा आकडा जेलमधील (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या लिबलिबीत थरातील) अंदाजी वजनाचा, किलोडाल्टन या रेणूंच्या वजनाच्या एककातला. प्रत्यक्ष वजन सुमारे ४४ आहे. प्रोलीनच्या आधिक्यामुळे हे प्रथिन जेलमधून सावकाश सरकते. दहा वर्षे ते कर्करोग घडवणारे समजले जाई, कारण अभ्यासासाठी वेगळ्या केलेल्या जनुकाच्या प्रतीच उत्परिवर्तित, म्हणजे बिघडलेल्या होत्या. ही चूक १९८९ मध्ये दुरुस्त झाली.

एरवी एमडीएम२ हे प्रथिन पी५३ ला सतत नाशाची खूण लावते, म्हणून पेशीत ते फार साठत नाही. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एटीएम, एकेरी धागा उघडा पडला की एटीआर हे विकर जागे होते. ती दोन्ही, आणि त्यांनी जागवलेली सीएचके२ व सीएचके१ ही विकरे, पी५३ वर फॉस्फेट बसवतात. एमडीएम२ ची पकड सुटते आणि पी५३ साठू लागते. मग विभाजनाला खीळ घालणारे पी२१ हे प्रथिन तयार होते, आरबी१ चे आरबी प्रथिन विभाजनाची जनुके दाबून ठेवते आणि डीएनएची नक्कल सुरू होण्याआधीच पेशी थबकते. बीआरसीए१ व बीआरसीए२ या आणखी दोन अर्बुदरोधी जनुकांची प्रथिने, नकलेतून तयार झालेल्या जुळ्या डीएनएवरून पाहून, तुटलेला भाग अचूक जोडण्यास मदत करतात. इजा भरून न येण्याजोगी असल्यास पी५३ प्यूमा, बॅक्स यांसारखी जनुके चालू करून पेशीचा अंत घडवते. पी५३ एमडीएम२ चेही उत्पादन वाढवते, त्यामुळे धोका टळल्यावर व्यवस्था आपोआप शांत होते.

पी५३ चार-चारांच्या गटाने काम करते. एक सदोष प्रत साऱ्या गटाला बिघडवू शकते. म्हणून दोन आघातांचा नियम येथे काटेकोर लागू पडत नाही.

बेळगावच्या सीमाभागात हा विषय तंबाखूपासून वेगळा काढता येत नाही. निपाणी ही विडी तंबाखूची जुनी पेठ. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली मिश्री दातांना लावण्याची सवय इथल्या अनेक घरांत, विशेषतः बायकांत आहे. दातदुखीवर उपाय म्हणून सुरू झालेली मिश्री मग सुटत नाही. तंबाखूतील नायट्रोसामिने आणि भाजताना तयार होणारे बेन्झोपायरिन डीएनएला चिकटतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या अर्बुदांत टीपी५३ च्या १५७, २४८, २७३ या स्थानांवर वारंवार दिसणारे बदल बेन्झोपायरिन चिकटते त्या जागांशी जुळतात, हे १९९६ मध्ये दाखवले गेले. गुटख्यातील सुपारीही २००४ पासून कर्करोगकारक गणली जाते. तोंडात दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा पांढरा वा लाल चट्टा, किंवा तोंड पूर्ण न उघडणे, हे डॉक्टरांना दाखवावे.

मानवी पॅपिलोमा विषाणू हीच राखण जनुकाला हात न लावता मोडतो: त्याचे ई६ प्रथिन पी५३ चा नाश घडवते, ई७ आरबीला निकामी करते. गर्भाशयमुखाच्या बहुतेक कर्करोगांमागे हा विषाणू असतो.

दांडेलीच्या रानातून खानापूर तालुक्यात अधूनमधून उतरणाऱ्या हत्तींच्या जातीत टीपी५३ च्या १५ ते २० प्रती असल्याचे २०१५ मध्ये आढळले. त्यांतील बहुतेक प्रती मूळ जनुकाच्या उलट-नकलेतून, म्हणजे त्याच्या आरएनएवरून पुन्हा डीएनए घडून, आल्या आहेत.