छोटी टॅक्सी वाहने (गोवा)

गर्दीच्या शहरात थोड्या उतारूंची भाड्याने ने-आण करणारी लहान वाहने. गोव्यात पायलटची (भाड्याने उतारू नेणाऱ्या मोटारसायकलस्वाराची) मोटारसायकल, काळी-पिवळी रिक्षा आणि मारुती ओम्नी व्हॅन हे तीन प्रकार रुळले. रुंदी, स्थैर्य, सामानाची जागा आणि पावसापासून आडोसा या गोष्टी एकाच छोट्या वाहनात पुरेपूर मिळत नाहीत. कशात तडजोड करायची यावरून प्रत्येकाची घडण ठरते.

पिवळ्या मडगार्डवरून ओळखू येणारी पायलटची गाडी सर्वांत कमी जागा घेते, पण तिच्यावर एकच उतारू बसतो. सुमारे ३,००० मिमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात तिला छप्पर नाही ही उणीव मोठीच. तरीही बसस्थानकावरून एकट्याने वाड्यावर जायचे असेल तर तिच्याइतकी सोयीची गाडी दुसरी नाही.

रिक्षाचे गणित अधिक नाजूक असते. तिची रुंदी साधारण १.३ मीटर आणि वळणाची त्रिज्या ३ मीटरच्या आत, त्यामुळे पणजीतील फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्लीतही ती सहज वळते. हा चपळपणा पुढच्या एकाच चाकामुळे येतो आणि धोकाही त्याच चाकामुळे. तीन चाके जोडणारा त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. वळणावर ब्रेक दाबला की भार पुढे, बाहेरच्या बाजूला सरकतो आणि गाडी कलंडू पाहते. म्हणूनच इंजिन मागे आणि उतारूंचे आसन मागच्या आसाजवळ ठेवलेले असते. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) बाजारातून माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे, सामान घेऊन परतताना जड पिशव्या चालकाशेजारी न ठेवता मागे, पायांशी ठेवाव्यात. आतले प्रवासी सहसा हे लक्षात घेत नाहीत.

ओम्नी १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ या नावाने आली. लांबी जेमतेम ३.३७ मीटर, रुंदी १.४१ मीटर. ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या आसनांखाली बसवल्यामुळे नाकाची लांबी वाचली आणि ती जागा माणसांना व सामानाला मिळाली. त्याची किंमत सुरक्षिततेत मोजावी लागली: समोरून धडक बसली तर आघात शोषून घ्यायला चालकापुढे फारसे काही उरत नाही. सुरक्षेचे नवे निकष लागू होण्याच्या सुमारास, २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तो निर्णय योग्यच होता. पण तिच्याबरोबर सरकते दारही टॅक्सीतून जवळजवळ गेले, याची हळहळ वाटते. बिजागरीचे दार उघडायला बाजूला जागा लागते, अरुंद गल्लीत मागून येणारा दुचाकीस्वार त्यावर आदळू शकतो. सरकत्या दाराला ती जागा लागत नाही, शिवाय म्हाताऱ्या माणसाला सरळ आत शिरता येते. सध्याच्या सेडान टॅक्सी दीड मीटरहून बऱ्याच रुंद असतात आणि त्यांची दारे बाहेरच उघडतात.

गल्लीत उपयोगी पडणारा लहानपणा महामार्गावर आड येतो. जानेवारी २०१९ मध्ये खुल्या झालेल्या मांडवीवरील अटल सेतूवर दुचाकी आणि तीनचाकींना मज्जाव आहे. पायलट व रिक्षा जुन्या पुलांवरून जातात.

विजेच्या रिक्षेत जड बॅटरी तळाशी बसवता येते. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि कलंडण्याचा धोका घटतो. विजेची मोटर थांबलेल्या अवस्थेतूनच पूर्ण जोर लावते, ते पणजीच्या आल्तिनो टेकडीसारख्या चढावर उपयोगाचे असते. मात्र तळाशी बसवलेल्या बॅटरीला पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यापासून जपावे लागते, त्यासाठी तिचे आवरण पक्के जलरोधक हवे.