स्लाइसमधलं खोबरं आधी का करपतं?

गोकाकचा करदंट आपल्या बेळगाव भागात कुणाला सांगायला नको. सुकं खोबरं, डिंक, सुका मेवा आणि गूळ. ओव्हनचं कामच नाही, सगळा भरवसा पाकावर. बेकरीतला फळं-खोबऱ्याचा स्लाइस हा त्याचाच लांबचा भाऊबंद. खाली मैदा, लोणी, साखरेचा खुसखुशीत थर. वर अंडी-साखरेत कालवलेला खोबऱ्याचा कीस, बेदाणे, टुटीफ्रुटी. घरी केला की तक्रार ठरलेली: वरचं खोबरं काळं, आणि मध्ये सुरी घातली तर चिकट.

दोष ओटीजीचा, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनचा नाही, पाण्याचा आहे. पदार्थात पुरेसं पाणी आहे तोवर त्याचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या फारसं वर जात नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर, त्यामुळे इथे पाणी ९७-९८ अंशांलाच उकळतं. स्लाइसचा ओला गाभा तिथेच घुटमळतो. डब्यातल्या सुक्या खोबरेकिसात मात्र पाणी जेमतेम ३ टक्के. वर उघडा पडलेला कीस काही मिनिटांत कोरडा होतो आणि थेट ओव्हनच्या तापमानाकडे धावतो.

साधारण १४० अंशांच्या पुढे साखर आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं झपाट्याने एकमेकांशी जुळतात. तांबूस रंग आणि भाजल्याचा खमंग वास त्यातूनच येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये ही क्रिया मांडली. आपल्या कुंद्याचा, म्हणजे आटवलेल्या दुधाच्या मिठाईचा, रंगही बराचसा तिचाच. दूध तासन्‌तास आटवलं की कमी तापमानालाही ती होते, फक्त सावकाश. ओव्हनमध्ये तेवढी सवड मिळत नाही, खमंग आणि करपट यांच्यात दोन-तीन मिनिटांचंच अंतर असतं.

म्हणून ओव्हन १६० अंशांवर ठेवा, ट्रे वरच्या रॉडपासून लांब. कीस अंड्याच्या मिश्रणात नीट भिजू द्या, वर कोरडा भुरभुरू नका. रंग आला की फॉइल झाका आणि गाभ्याला वेळ द्या. खवलेला ओला नारळ वापरायचा मोह होतो, पण त्यात जवळपास निम्मं पाणीच. खालचा थर लिबलिबीत होतो. वापरायचाच तर आधी कढईत परतून कोरडा करा.

बेदाण्यांचं गणित उलटं. ते स्वतः कोरडे, त्यामुळे आजूबाजूच्या मिश्रणातलं पाणी ओढतात. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, पुसून घातले तर ही ओढाताण थांबते. त्यांच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर, आणि या साखरा मेयार क्रियेत थेट उतरतात. वर डोकावणारा बेदाणा म्हणूनच आधी फुगतो, मग कडू होतो. त्याला बोटाने आत दाबा. टुटीफ्रुटी म्हणजे पाकात मुरलेली कच्ची पपई. तिला भिजवायची गरज नाही.

आता कापणं. घरातली पोरं ताटली घेऊन उभी असली तरी गरम स्लाइसला सुरी लावू नये. खोबऱ्यातला स्निग्धांश सुमारे २४ अंशांच्या खाली घट्ट होतो, लोणी त्याआधीच. गरम असताना दोन्ही पातळ असतात, पाकही सैल असतो, त्यामुळे वडी सुटत नाही, ढासळते. जानेवारीत बेळगावात खोबरेल बाटलीत गोठतं, त्या दिवसांत स्लाइस ओट्यावरच बसतो. एप्रिल-मेमध्ये तो निवल्यावर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावाच लागतो. सुक्या खोबऱ्याच्या वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात तीन-चार दिवस सहज टिकतात. ओल्या नारळाच्या केल्या असतील तर त्या फ्रीजमध्येच ठेवा आणि लवकर संपवा.