मऊ शरीरांचे जीवाश्म आणि आद्य प्राणी

हाडं, दात, शिंपले दगडात टिकतात, मऊ भाग सहसा कुजतो. पण प्राणी बारीक चिखलाखाली एकदम गाडला गेला आणि ऑक्सिजन पोचला नाही तर डोळे, आतडी, कल्लेसुद्धा दगडात उमटतात. कॅनडातलं बर्जेस शेल (वॉलकॉट यांना १९०९ मध्ये सापडलेलं, सुमारे ५०.८ कोटी वर्षं जुनं) आणि चीनमधलं चेंगजियांग (सुमारे ५१.८ कोटी वर्षं जुनं) ही त्याची मोठी ठिकाणं. बर्जेसमधल्या ॲनोमॅलोकॅरिसचे पुढचे अवयव आधी कोळंबीसारखा प्राणी म्हणून नोंदले होते आणि तसल्याच प्राण्याचं गोल तोंड जेलीफिश म्हणून, हे सगळं एकाच प्रकारच्या शिकारी प्राण्याचं आहे हे १९८५ मध्ये पटलं. नुसती कवचंच हाती असती तर हा प्राणी आपल्याला कळलाच नसता. चेंगजियांगमध्ये तर माशासारखे, कणा असलेल्यांच्या वंशातले प्राणीही आहेत.

खरा वाद त्याआधीच्या काळाचा. चीनमधल्या वेंगआनचे फॉस्फेटमध्ये जपले गेलेले गोळे (साधारण ५८ ते ६१ कोटी वर्षं जुने) जेमतेम मिलिमीटरभर, आत २, ४, ८ अशा पेशी, पेशींची संख्या वाढते पण गोळा तेवढाच राहतो, भ्रूणात होतं तसंच, म्हणून १९९८ मध्ये हे प्राण्यांचे भ्रूण ठरले. २००७ मध्ये काहींनी ते गंधकावर जगणारे महाकाय जीवाणू म्हटलं, ते फारसं टिकलं नाही. २०११ च्या क्ष-किरण तपासणीनंतर प्राणी नसलेले एकपेशीय जीव हे मत पुढे आलं आणि सध्या तेच जास्त सावध वाटतं.

पुण्यात वेताळ टेकडी कितीही खणली तरी यातलं काही मिळणार नाही, इथला काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे विंध्य. तिथल्या चोरहट वालुकाश्मातल्या रेघा म्हणजे अब्जाहून जास्त वर्षांपूर्वीच्या किड्यांची बिळं असं १९९८ मध्ये मांडलं गेलं, त्याच वर्षी विंध्यातूनच कॅम्ब्रियन काळातल्या (सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या) कवचांचाही दावा आला, म्हणजे खडक एकाच वेळी अब्जाहून जुना आणि ५४ कोटींचा! पुढे वय १६० कोटींच्या आसपास निघालं आणि २००९ मध्ये 'कवचं' खरे जीवाश्म ठरले, पण शैवाल आणि सूक्ष्मजीवांचे. बिळांवर आता फारसा कुणाचा विश्वास नाही.

पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी उजेडात आणलेल्या भीमबेटकाच्या गुहेत डिकिन्सोनिया हा चपटा, लंबगोल प्राचीन जीव सापडल्याचा २०२१ चा दावाही गेला, २०२३ मध्ये ती मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याची खूण निघाली आणि दावा करणाऱ्यांनी ते मोकळेपणानं मान्य केलं. खुद्द डिकिन्सोनिया मात्र प्राणीच असावा, रशियातल्या श्वेत समुद्राकाठच्या नमुन्यांत २०१८ मध्ये प्राण्यांची खूण मानल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचे अवशेष मिळाले.