एसएसएल प्रमाणपत्राची स्थापना (संकेतस्थळावरील)

संकेतस्थळ आणि वाचकाचा ब्राउझर यांच्यातील देवाणघेवाण वाटेत कोणाला वाचता येऊ नये आणि उघडलेले स्थळ खरोखर त्याच नावाचे आहे हे ब्राउझरला तपासता यावे, यासाठी होस्टिंगच्या सर्व्हरवर डिजिटल प्रमाणपत्र बसवण्याची प्रक्रिया. मराठवाड्यात महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज, पतसंस्थेचे खाते, पैठणची पैठणी किंवा वसमतची हळद विकणारे दुकान अशा कोणत्याही स्थळावर लोक मोबाइल क्रमांक आणि पासवर्ड लिहितात. तिथे हे प्रमाणपत्र नसणे म्हणजे पोस्टकार्डावर पासवर्ड लिहून पाठवणे होय.

‘एसएसएल’ म्हणजे ही देवाणघेवाण सांकेतिक करण्याची जुनी पद्धत; हे नाव आता केवळ सवयीने टिकले आहे. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये त्याची २.० आवृत्ती आणली, १९९९ मध्ये टीएलएस या सुधारित पद्धतीने त्याची जागा घेतली आणि २०१५ मध्ये एसएसएल ३.० सुद्धा अधिकृतपणे बाद झाले. आज चालते ते टीएलएस १.२ (२००८) आणि १.३ (२०१८). होस्टिंगवाले आणि ग्राहक मात्र अजून ‘एसएसएल टाकले का?’ असेच विचारतात.

कामाची सुरुवात किल्ल्यांच्या जोडीने होते. सर्व्हरवर एक खासगी आणि एक सार्वजनिक किल्ली (सांकेतिक लेखनासाठी लागणारी लांबलचक संख्या) तयार होते. सार्वजनिक किल्ली आणि डोमेनचे नाव घालून केलेला विनंती अर्ज (सीएसआर) प्रमाणन संस्थेकडे जातो. डोमेन अर्जदाराच्याच ताब्यात आहे हे ती संस्था ठरलेल्या जागी एखादी फाइल ठेवायला लावून, डीएनएसमध्ये (डोमेनच्या नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यादीत) नोंद करायला सांगून किंवा ईमेल पाठवून पडताळते आणि मग सही केलेले प्रमाणपत्र देते. ते, खासगी किल्ली आणि मधले प्रमाणपत्र (आपले प्रमाणपत्र ब्राउझरच्या ओळखीच्या मूळ संस्थेशी जोडणारा दुवा) अशा तीन गोष्टी होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये भरल्या की ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या सुरक्षित दारावर, स्थळ उघडते. सीपॅनेल या प्रचलित कंट्रोल पॅनेलची ऑटोएसएसएल सोय सुरू असेल तर हे सारे आपोआप होते.

प्रमाणपत्र कोणालाही दाखवले तरी चालते. खासगी किल्ली मात्र सर्व्हरबाहेर जाता कामा नये. स्थळ बनवणाऱ्या मुलाने ती व्हॉट्सअॅपवर पाठवली असेल, तर ती फुटली असे समजून नवी जोडी करावी आणि जुने प्रमाणपत्र रद्द करून घ्यावे. मधले प्रमाणपत्र भरायचे राहून गेले तर मोठा घोळ होतो. ब्राउझरने ते दुसऱ्या स्थळावरून आधीच साठवलेले असले की कार्यालयातल्या संगणकावर स्थळ नीट दिसते आणि परभणीतल्या पालकाच्या फोनवर धोक्याची सूचना येते. म्हणून तपासणी नेहमी परक्या फोनवरूनही करावी.

यानंतर जुन्या ‘एचटीटीपी’ पत्त्यावरून नव्या, सुरक्षित ‘एचटीटीपीएस’ पत्त्यावर कायमचे वळण द्यावे लागते. पानातली चित्रे किंवा स्क्रिप्ट जुन्याच पत्त्याने येत राहिली तर ब्राउझर त्यांपैकी काही अडवतो आणि पान अर्धवट दिसते.

लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून सर्वांना फुकट प्रमाणपत्रे देऊ लागली आणि लहान संस्थांची पैशाची अडचण संपली. तिच्या प्रमाणपत्रांची नेहमीची मुदत ९० दिवस. विकतच्या प्रमाणपत्रांवर २०२० पासून ३९८ दिवसांची मर्यादा होती. प्रमाणन संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंचात २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ठरावाने ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवस ठरवली आहे. म्हणजे हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस सरले. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेला मुदत संपून विद्यार्थी अडकावेत, हे टाळता येण्यासारखे नुकसान आहे. डोमेन आणि होस्टिंगची खाती संस्थेच्याच नावावर, संस्थेच्याच ईमेलवर असावीत. बनवणारा पुण्याला नोकरीला गेला की सूचनांचे ईमेल त्याच्यासोबत जातात.

गावांच्या नामांतराने या भागात आणखी एक पेच आला. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाल्यावर एखाद्या संस्थेने डोमेन बदलले, तर नव्या नावाचे वेगळे प्रमाणपत्र लागतेच. पण जुन्या नावाचेही चालू ठेवावे लागते. ब्राउझर आधी प्रमाणपत्र तपासतो आणि मगच वळणाची सूचना वाचतो. जुने प्रमाणपत्र संपले की छापील माहितीपत्रकावरचा पत्ता टाकणारा माणूस दारातच थांबतो. ‘.भारत’ खालील देवनागरी डोमेनही चालते, फक्त प्रमाणपत्रात ते ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन रूपात नोंदवलेले असते. ते पाहून फसवणुकीची शंका घेऊ नये.

प्रमाणपत्र नावाची खात्री देते, मालकाच्या प्रामाणिकपणाची नाही. ठगही आपल्या डोमेनसाठी ते सहज मिळवतो. पत्त्याजवळचे कुलूप पाहून लोक निश्चिंत होत, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकले.

काही वेळा दोष सर्व्हरचा नसतोच. वीज गेल्यानंतर जुना संगणक सुरू केला आणि मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असला, की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग प्रत्येक प्रमाणपत्राची मुदत ‘अजून सुरूच झालेली नाही’ असे दिसते आणि एकही सुरक्षित स्थळ उघडत नाही. सेवा केंद्रावर असा संगणक आढळला तर आधी तारीख नीट करावी आणि त्याच दिवशी सेल बदलावा.