खदानीतलं पाणी साठलेलं, वाळूच्या खड्ड्यातलं उघडं पडलेलं

गावात वाळूचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "वाळू उपसली तर बिघडलं कुठं? खड्डा झाला, त्यात पाणीच साठतंय की." बोलणारा खोटं बोलत नसतो. मार्चमध्ये गोदावरीच्या किंवा मांजऱ्याच्या पात्रात उतरून बघा, वाळू काढलेल्या खड्ड्यात कमरेएवढं पाणी दिसतं. गावाबाहेर बंद पडलेल्या गिट्टीच्या खदानीतही तसंच पाणी असतं. दोन्हीकडं म्हशी डुंबतात, दोन्हीकडं मोटारी लागतात. पण खदानीतलं पाणी तिथं साठलेलं असतं. वाळूच्या खड्ड्यातलं पाणी तिथं आधीपासूनच होतं, ते फक्त उघडं पडलं आहे.

खदानीचं गणित सोपं आहे. काळा पाषाण फोडून खड्डा झाला, पावसाळ्यात आजूबाजूच्या उतारावरून पाणी आत आलं. तळाचा दगड सलग असेल तर ते टिकतं, भेगा असतील तर झिरपतं. हे पाणी वाहून गेलं असतं, ते अडलं. इथं साठवण खरोखर वाढली.

वाळूचं तसं नाही. नदीची वाळू हीच मुळात टाकी आहे. जाड वाळूत दाण्यांच्या मधली पोकळी साधारण एक तृतीयांश असते आणि पावसाळ्यानंतर ती पाण्यानं भरलेली असते. काठाच्या विहिरी, नळ योजनेच्या उद्‌भव विहिरी याच पाण्यावर चालतात. उन्हाळ्यात बायका कोरड्या पात्रात हातानं झरा उकरून वाटीवाटीनं घागर भरतात, ते हेच पाणी. आता या भिजलेल्या थरातून एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट वाळू काढली, तर सुमारे २,८०० लिटरची मोकळी जागा होते. त्या जागेत आधी जेमतेम हजारभर लिटर पाणी होतं, बाकी सगळे दाणे होते. मग खड्डा काठोकाठ भरायला उरलेलं १,८०० लिटर कुठून आलं? शेजारच्या वाळूतून. पलीकडच्या विहिरीखालून. पाऊस एक थेंबही पडलेला नसताना खड्डा भरतो तो असा.

इथपर्यंत पाणी फक्त जागा बदलतं, हरवत नाही. ते हरवतं उन्हामुळं. वाळूत पाणी दोनेक फूट खाली गेलं की वरचा कोरडा थर झाकणासारखा काम करतो आणि वाफ होणं जवळजवळ थांबतं. उघड्या पाण्याला असं झाकण नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला ८ ते १० मिलिमीटर नुसत्या वाफेनं उतरते. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत सरासरी ८ मिलिमीटर धरलं, तरी एक एकर खड्ड्यावरून ३९ लाख लिटर पाणी जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, तेव्हा तिच्यात ५ लाख लिटर होते. अशा जवळजवळ आठ गाड्या एका एकरातून आकाशात जातात.

खदानीतूनही वाफ होतेच, हे कुणी म्हणेल आणि ते बरोबर आहे. पण खदान आटली तर खदानीपुरती आटते. वाळूचा खड्डा आटत नाही, हीच त्याची फसवी गोष्ट. जेवढं वर उडतं तेवढं बाजूनं आत येतं, खड्डा भरलेला दिसत राहतो आणि काठावरचा शेतकरी विहिरीत आडवे बोअर मारत बसतो. त्याच्या विहिरीचं पाणी कुठं गेलं, हे त्याच्या डोळ्यांसमोर निळं दिसत असतं.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात या फरकाचा कायदाच झाला आहे. तिथं वाळू-गिट्टीचा खड्डा भूजलापर्यंत पोचला की तो कायद्यानं विहीर ठरतो. त्यातून वाफेनं जाणाऱ्या पाण्याचा हिशेब ठेवावा लागतो आणि तेवढं पाणी खाणवाल्यानं दुसरीकडून मिळवून नदीला परत द्यायचं असतं. ही भरपाई टाळायची असेल, तर खड्ड्याभोवती थेट खालच्या पक्क्या खडकापर्यंत बेंटोनाइट मातीची भिंत उतरवतात किंवा चिकणमातीचं अस्तर करतात. गळतीची चाचणी पार पडली तरच तो खड्डा जलाशय मानला जातो. डेन्व्हर शहर असे जुने खड्डे पाणी साठवायला वापरतं. म्हणजे खड्डा तोच, पण शेजारच्या भूजलापासून तोडला की साठवण, नाही तोडला तर उघडी विहीर.

आपल्याकडं वाळू उत्खननाच्या २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत खोलीची मर्यादा ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, यांतलं जे कमी ते, अशी आहे. नियम पाळला तर पाणी उघडं पडणारच नाही. म्हणून पात्रातल्या खड्ड्यात पाणी दिसणं हा माझ्या मते वाळू उपशाचा फायदा नाही, तो मर्यादा ओलांडल्याचा पुरावा आहे, आणि पंचनाम्यात तो तसाच लिहिला गेला पाहिजे. "पुरात वाळू परत येईल" यावरही फार विसंबू नये. पैठणला जायकवाडी, सिंदफणेवर माजलगाव, पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर. वरची वाळू या धरणांतच अडकते.

शेततळ्याबद्दलही इथंच बोललं पाहिजे. प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं ओढ्याच्या पाण्यानं भरलं तर ती साठवण. तेच बोअरच्या पाण्यानं भरलं तर आपण हातानं भूजल उचलून उन्हात ठेवलं. अस्तर चांगलं असून उपयोग नाही, पाणी आलं कुठून ते बघायचं.

एखादा खड्डा कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही. पाऊस नसलेल्या दिवसांत, मोटार आठवडाभर बंद ठेवून खड्ड्यात एक खुणेची काठी रोवा. जवळ एक मोठं पसरट भांडं पाणी भरून, जनावरांपासून राखून ठेवा. भांड्यातलं पाणी तळ्यापेक्षा जास्त उडतं, म्हणून भांडं १० सेंटिमीटर उतरलं तर खड्डा ७ च्या आसपास उतरायला हवा. तेवढाच उतरला तर ते साठलेलं पाणी आहे. जास्त उतरला तर तळ गळतो. आणि भांडं उतरलं पण खड्डा जागचा हललाच नाही, तर त्याला शेजारून पाणी मिळतंय. मग दोराला दगड बांधून काठावरच्या विहिरींची पातळी मोजा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. वाळूघाटाच्या, म्हणजे पात्रातल्या वाळू उपशाच्या जागेच्या, लिलावाआधी ग्रामसभा बसते तेव्हा ही वही सोबत न्यावी.