मिनिएचर युद्धखेळ : इंग्लिश यादवी युद्ध

इंग्लंडमध्ये १६४२ ते १६५१ या काळात राजपक्ष आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध झाले. त्यातल्या लढाया रंगवलेले छोटे सैनिक टेबलावर मांडून, फासे आणि मोजपट्टी घेऊन खेळण्याचा हा प्रकार आहे. पटावर घरे नसतात. पलटण किती सरकली आणि गोळी कुठवर पोचते हे सेंटिमीटरमध्ये किंवा इंचांत मोजतात. एजहिल (२३ ऑक्टोबर १६४२), मार्स्टन मूर (२ जुलै १६४४) आणि नेझबी (१४ जून १६४५) या खेळणाऱ्यांच्या नेहमीच्या लढाया आहेत.

या युद्धात दोन्ही बाजूंची हत्यारे, कपडे आणि कवायत जवळजवळ सारखीच होती. आपलेच सैन्य, विशेषतः घोडदळ, किती वेळ हुकमात राहते यावर डाव फिरतो. नियम निवडण्यापासून टेबल मांडण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर हे ध्यानात ठेवावे लागते.

प्रमाण : २८ मिमी उंचीचे सैनिक सर्वांत देखणे दिसतात, पण जागा फार खातात. एक सैनिक म्हणजे २० माणसे धरली, तर ३६ सैनिकांची पायदळ रेजिमेंट ७२० माणसांची होते. ४० मिमी चौरस बेसवर (सैनिक चिकटवायच्या चकतीवर) चार सैनिक बसवले की नऊ बेस लागतात आणि त्यांची आघाडी ३६ सेंमी भरते. खरी ७२० माणसे सहा रांगांत उभी राहिली, तर त्यांची आघाडी साधारण ११० मीटर होई. म्हणजे टेबलावरचा १ सेंमी जमिनीवरच्या ३ मीटरांएवढा होतो. तोड्याच्या बंदुकीचा परिणामकारक पल्ला १०० मीटरच्या आतलाच, तेव्हा टेबलावर तो ३० सेंमीच्या आसपास ठेवावा. याच हिशेबाने १८० सेंमी लांबीचे टेबल जेमतेम ५५० मीटर मैदान दाखवते. नेझबीची फळी याहून कितीतरी लांब होती. म्हणून २८ मिमीत लढाईची एकच बगल खेळणे शहाणपणाचे ठरते. अख्खी लढाई हवी असेल तर ६ किंवा १० मिमीचे सैनिक घ्यावेत. या हिशेबाशिवाय सैन्य विकत घेणाऱ्याची पलटण टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चिकटून उभी राहते आणि बगल गाठायला जागाच उरत नाही.

सैन्याची बांधणी : रेजिमेंटमध्ये मधोमध भालाईत आणि दोन्ही अंगांना बंदूकधारी अशी मांडणी असते. एका भालाइतामागे दोन बंदूकधारी हे प्रमाण धरले तर नऊ बेसांपैकी तीन भालाइतांचे आणि सहा बंदूकधाऱ्यांचे होतात. १६४२ च्या फौजांसाठी भालाईत वाढवावेत, कारण सुरुवातीला बंदुकांचा तुटवडा होता. भाला सुमारे १६ फुटी असे. २८ मिमीच्या सैनिकांना लागू पडणाऱ्या १:५६ प्रमाणात त्याची लांबी ८७ मिमी येते. प्लॅस्टिकचे भाले वाकतात आणि मुठीपाशी तुटतात. त्याऐवजी पोलादी तार वापरावी आणि तिचे टोक कानशीने बोथट करावे; नाहीतर सैन्य उचलताना बोटांत घुसते.

रंगवण्यापूर्वी सैनिक साबणाच्या पाण्याने धुवावेत. साच्यातला तेलकट थर राहिला तर प्रायमर (रंगाखालचा पहिला लेप) सालीसारखा निघून येतो. मग साच्याच्या रेषा खरवडाव्यात, प्रायमरचा पातळ थर द्यावा आणि त्यानंतर मूळ रंग, घड्यांत गडद पातळ रंग, उंचवट्यांवर फिका रंग आणि शेवटी मॅट वार्निश असा क्रम ठेवावा. दमट हवेत स्प्रे मारला की प्रायमर रवाळ बसतो, वार्निश पांढुरके पडते. महिन्याची मेहनत अशी शेवटच्या पाच मिनिटांत वाया जाते, म्हणून वार्निश आधी एकाच सैनिकावर मारून पाहावे.

कोटांच्या रंगाबद्दल गैरसमज खूप आहेत. १६४५ मध्ये पार्लमेंटने न्यू मॉडेल आर्मी उभारून तिला लाल कोट दिले. त्याआधी कर्नल ठरवेल तो रंग असे, आणि लाल, निळे, पांढरे कोट दोन्हीकडे दिसत. ओळख पटे ती कमरपट्ट्यांवरून : पार्लमेंटचा सेनापती अर्ल ऑफ एसेक्स याच्या फौजेचे नारिंगी, राजपक्षाचे लाल. मार्स्टन मूरला पार्लमेंटच्या बाजूने टोपीत पांढरी खूण लावली होती. त्यांचा सेनानी सर थॉमस फेअरफॅक्स याने ती काढून टाकली आणि तो शत्रूच्या घोडदळातून न ओळखला जाता पार झाला. खेळणाऱ्याला यात एक सोय आहे. निशाण सैनिकाच्या हातात कायमचे चिकटवू नये, पितळी नळीत बसवावे. मग तीच पलटण आज राजाची, उद्या पार्लमेंटची. निशाण सुमारे दोन मीटर चौरस असे, म्हणजे २८ मिमीत ३५ मिमी. कर्नलचे निशाण एकरंगी कोरे असते. कॅप्टनांच्या निशाणांवर चिन्हे असतात.

डाव : बहुतेक नियमांत हुकूम, हालचाल, गोळीबार, हातघाई आणि धैर्याची चाचणी असा क्रम असतो. हुकमासाठी दोन फासे टाकून सेनापतीच्या गुणांकाइतकी किंवा कमी बेरीज यावी लागते. गुणांक ८ असेल तर यशाची शक्यता ३६ पैकी २६, म्हणजे सुमारे ७२ टक्के. वाटते भरवशाची, पण तीन ब्रिगेडनी एकाच फेरीत हुकूम मानण्याची शक्यता जेमतेम ३८ टक्के होते. म्हणून तिन्ही ब्रिगेड एकदम हलल्या तरच जमेल असा बेत करू नये. फासे टाकण्याआधी हुकूम मोठ्याने आणि स्पष्ट सांगावा. आधी फासे आणि मग हुकूम, यातून सर्वाधिक भांडणे होतात.

पाठलागाचा नियम हा या खेळाचा प्राण आहे. एजहिलला राजपक्षाच्या घोडदळाने दोन्ही बगला फोडल्या आणि ते काइनटन गावापर्यंत बुणग्यांवर धावत गेले. राजाचे पायदळ मैदानात उघडे पडले. नेझबीला राजपक्षाच्या प्रिन्स रूपर्टने पार्लमेंटच्या आयर्टनची बगल मोडली आणि त्याचे स्वार पुन्हा बुणग्यांपाशी पोचले. तेवढ्यात दुसऱ्या बगलेवर पार्लमेंटच्या क्रॉमवेलने राजपक्षाच्या लँगडेलला हटवले, काही पथके त्याच्या मागे लावली आणि उरलेले घोडदळ राजाच्या पायदळावर वळवले. टेबलावर हे असे आणावे : शत्रूचे स्वार पळाले की जिंकलेल्या पथकाने चाचणी द्यायची. ती हुकली तर पथक टेबलाबाहेर जाते आणि पुढच्या प्रत्येक फेरीत एका फाशावर ६ पडला तरच परतते. ज्या नियमपुस्तिकेत असे काही नाही, तिच्यावर या युद्धाचे नाव छापलेले असले तरी हे युद्ध तिच्यात नाही. मात्र पार्लमेंटच्या स्वारांना सरसकट शिस्तबद्ध धरू नये. १६४२ मध्ये ते उभ्याउभ्या पिस्तुले झाडत हल्ल्याची वाट पाहत आणि मोडत. गुणांक पक्षावरून न देता वर्षावरून आणि पथकावरून द्यावा.

ड्रॅगून घोड्यावरून येतात आणि पायउतार होऊन लढतात, म्हणून त्यांचे स्वार आणि पायी असे दोन संच लागतात. नेझबीला पार्लमेंटच्या ओकीच्या ड्रॅगूनांनी सल्बीच्या कुंपणामागून रूपर्टच्या बगलेवर गोळीबार केला. कुंपण मांडले नाही तर ती लढाई अपुरी राहते. पण कुंपणे जपून मांडावीत. बगलांवर किमान ६० सेंमी रुंद मोकळी पट्टी नसेल तर घोडदळ अडकून पडते आणि डाव गोळीबारातच संपतो.

खेळ संपल्यावर बेसखाली चुंबकपट्टी लावून सैन्य पत्र्याच्या पेटीत उभे ठेवावे. पेटीची आतली उंची भाला धरून किमान १२ सेंमी असावी.