कलम १८३ की १८४? ट्रकचालकाने चलान भरण्याआधी वाचायची ओळ

चलान आलं की नजर आधी रकमेवर जाते. वेगाच्या दोन कलमांत नेमकी रक्कमच फसवते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली, म्हणजे वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल, मध्यम आणि जड वाहनाला किमान २,००० आणि कमाल ४,००० रुपये दंड आहे. कलम १८४ खाली, म्हणजे धोकादायक रीतीने गाडी चालवल्याबद्दल, पहिल्या वेळेचा दंड १,००० रुपयांपासून सुरू होतो आणि ५,००० पर्यंत जातो. सुरुवातीचा आकडा लहान, पण त्याच कलमात सहा महिने ते एक वर्षाची कैदही लिहिली आहे. कोर्ट दंड करू शकतं, कैद देऊ शकतं किंवा दोन्ही. म्हणून चलानवर आधी कलमाचा आकडा शोधा, रुपये नंतर मोजा.

घोळ होतो कारण 'वेग' हा शब्द दोन्ही कलमांत आहे. १८३ चा सगळा मामला आकड्याचा: मर्यादा किती होती आणि गाडी किती वेगात होती. रस्ता रिकामा होता, पहाटेचे तीन वाजले होते, गाडी पूर्ण ताब्यात होती, हे सगळं खरं असलं तरी तिथे उपयोगाचं नाही. १८४ ला आकडा लागतच नाही. त्या जागेची अवस्था, तिथली रहदारी, रस्त्याचा वापर पाहता तुमचा वेग किंवा चालवण्याची रीत लोकांना धोक्याची होती का, इतरांना धास्ती बसली का, एवढंच तिथे पाहतात. त्यामुळे बोर्डावरच्या मर्यादेच्या आत राहूनही १८४ लागू शकतं. उलट, मर्यादेपेक्षा दहा-बारा किलोमीटर जास्त वेगाने, पण आपल्या लेनमध्ये सरळ जाणाऱ्या गाडीवर एरवी १८३ च लागतं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर १८४ मध्ये धोकादायक म्हणजे काय याची यादीच आली: लाल सिग्नल तोडणं, थांबा चिन्ह न पाळणं, चालवताना मोबाइल हातात धरून वापरणं, कायद्याविरुद्ध ओव्हरटेक, उलट दिशेने गाडी घालणं, आणि शेवटची मोघम पण सर्वात रुंद बाब: जाणत्या, काळजीपूर्वक चालकाकडून जे अपेक्षित असतं त्याच्या खूप खाली उतरणारं चालवणं. मार्केट यार्डाच्या आसपास वळसा वाचवायला शंभर मीटर राँग साइडने जाणं अनेकांना किरकोळ वाटतं. यादीप्रमाणे ते १८४ आहे.

पुण्यात यादीतल्या या शेवटच्या बाबीचं ढळढळीत उदाहरण म्हणजे कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांबलचक उतार. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकायची जुनी सवय इथे जीवावर येते. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे धरतं. न्यूट्रलमध्ये ती पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनरची पकड कमी होते. वर चालक पुन्हापुन्हा पेडल दाबत राहिला तर एअर टाकीतला दाबही उतरतो, कारण न्यूट्रलमध्ये इंजिन कमी फेऱ्यांवर असतं आणि काँप्रेसरला हवा भरून काढायला वेळ मिळत नाही. मग पुढे गर्दी दिसते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. गंमत म्हणजे डिझेलही वाचत नाही. बीएस४, बीएस६ च्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असेल आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसेल तर इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं जळतच राहतं. त्यात ब्रेक गेल्याचं कारण पुढे केलं की प्रश्न उलट येतो: ब्रेक गेले कशामुळे? न्यूट्रलमुळे, असं निघालं तर बचावाचा मुद्दाच पुरावा होऊन बसतो.

आता १८३ च्या आकड्यांकडे. केंद्र सरकारच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार मालवाहू गाड्यांची कमाल मर्यादा एक्सप्रेस वेवर ८०, दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा मोठ्या रस्त्यावर ८०, महापालिका हद्दीतल्या रस्त्यावर ६० आणि इतर रस्त्यांवर ६० किलोमीटर प्रतितास आहे. ही कमाल झाली; राज्य आणि स्थानिक यंत्रणा ती खाली आणू शकतात. बोर घाटात आणि नवले पुलाच्या उतारावर तसं केलेलं आहे, म्हणून तिथे डोक्यातला ८० चा आकडा विसरायचा आणि बोर्ड वाचायचा.

पिकअपवाल्यांची इथे हमखास चूक होते. कारला एक्सप्रेस वेवर जो वेग चालतो तो आपल्यालाही चालतो, असं ते धरून चालतात. मर्यादा ठरते गाडी माल वाहते यावरून, त्यामुळे छोट्या पिकअपलाही ८० च. दंड मात्र वजनावरून ठरतो: एकूण भारित वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर ती हलकी गाडी, आणि १८३ चा दंड १,००० ते २,००० रुपये. त्यापुढे १२,००० किलोपर्यंत मध्यम, त्याच्या वर जड. तुमच्या हलक्या गाडीला जड गाडीचा दंड लागला असेल तर आरसी बुकावरचं वजन दाखवून हरकत घेता येते.

"गाडीला स्पीड गव्हर्नर आहे, ती ८० च्या वर जाऊच शकत नाही" हा युक्तिवाद कमकुवत आहे. गव्हर्नर इंधन तोडतो, ब्रेक लावत नाही. घाट उतरताना माल भरलेली गाडी उताराच्या जोरावर सहज पुढे जाते. शिवाय जिथे मर्यादाच ४० आहे तिथे ८० चा गव्हर्नर काय कामाचा? टँकर आणि डंपरसाठी गव्हर्नरची मर्यादा ६० आहे, तीही घाटात जास्तच पडते.

पुराव्याच्या बाबतीत दोन कलमांत मोठा फरक आहे. १८३ मध्ये एकट्या साक्षीदाराने "गाडी जोरात होती असं मला वाटलं" म्हणणं शिक्षेला पुरेसं नाही; त्याच्या अंदाजामागे यंत्राचं मोजमाप हवं. हे पोटकलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून १८३ ची चलानं बहुतेक कॅमेऱ्याची किंवा स्पीडगनची असतात. १८४ ला अशी अट नाही. तिथे पोलिसाची किंवा रस्त्यावरच्या लोकांची साक्षही चालते.

कॅमेऱ्याचं चलान असेल तर त्यात फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम दिसायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७ए मध्ये हे सांगितलं आहे. फोटो मोठा करून बघा. नंबर प्लेटवर चिखल असल्याने १ चा ७ वाचला गेलाय का? एका चौकटीत दोन गाड्या असतील तर वेग नक्की कोणाचा? वेळ आणि ठिकाण तुमच्या फास्टॅगच्या नोंदींशी आणि जीपीएसशी जुळतं का? एक्सप्रेस वेवर सरासरी वेगही मोजतात: दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर भागिले लागलेला वेळ. दोघांत १० किलोमीटर असतील तर ८० च्या वेगाला साडेसात मिनिटं लागतात. सहा मिनिटांत पोचलात की सरासरी १०० निघते. कॅमेरा दिसल्यावर पाय काढायची युक्ती इथे चालत नाही.

चूक सापडली तर महाट्रॅफिक ॲपवरून किंवा ई-चलान पोर्टलवरून फोटोसह तक्रार नोंदवा, आणि ती पैसे भरण्याआधी. भरल्यानंतर भांडायला फारसं काही उरत नाही. व्हॉट्सॲपवर "तुमचं चलान" म्हणून एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल आली तर उघडू नका. खरं चलान गाडीचा नंबर घालून पोर्टलवर स्वतः बघता येतं.

भरायची वेळ आली की रस्ते पूर्ण वेगळे होतात. १८३ चा गुन्हा कलम २०० खाली तडजोडीत मिटतो: ठरलेली रक्कम भरा, खटला उभा राहत नाही. म्हणूनच ही चलानं लोक अदालतीतही निघतात. १८४ मधला फक्त हातात मोबाइल धरण्याचा भाग असा मिटवता येतो. बाकीचं १८४ जागेवर पैसे देऊन संपत नाही, लोक अदालतीतही जात नाही; ते न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जातं. उलट दिशेने गाडी घातल्याबद्दल १८४ सांगून कोणी चौकातच रोख घेऊन "मिटवून टाकलं" म्हणत असेल, तर ते कायद्याने मिटलेलं नाही एवढं समजून घ्या. पावती मागा आणि पावतीवर कोणतं कलम आहे ते वाचा.

मिटतं म्हणजे पुसलं जातं असं मात्र नाही. ही गोष्ट ट्रान्सपोर्ट ऑफिसातही कमी जणांना माहीत असते. १८३ चे पैसे भरले तरी तो गुन्हा 'आधी घडलेला' म्हणून धरला जातो, म्हणजे पुढचा दुसरा ठरतो. आणि दुसऱ्यांदा लायसन्स जप्त करायचं असं १८३ मध्येच लिहिलेलं आहे. १८४ मध्ये पहिल्या गुन्ह्यानंतर तीन वर्षांच्या आत दुसरा झाला तर कैद दोन वर्षांपर्यंत, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

लायसन्स जप्त झालं की हातात पावती मिळते, आणि इथे आणखी एक जोडगोळी माणसाला गोंधळवते. कलम २०६ च्या इतर पोटकलमांखाली कागदपत्रं घेतली तर मिळालेल्या पावतीवर, तिच्यात लिहिलेल्या मुदतीपर्यंत, गाडी चालवता येते. पण पोटकलम ४ खाली, ज्यात १८३ आणि १८४ दोन्ही येतात, घेतलेल्या लायसन्सची पावती चालवण्याचा परवाना देत नाही. ती खिशात ठेवून भाडं मारायला निघालात तर तुम्ही विनालायसन्स आहात, आणि पुढे अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तेच दाखवेल. हे लायसन्स आरटीओकडे जातं. पुण्याचं असेल तर संगम पुलाजवळच्या कार्यालयात. तिथे म्हणणं मांडायची संधी दिल्यानंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्रता आणि पुन्हा घडल्यास लायसन्स रद्द करण्याची तरतूद कलम १९ मध्ये आहे. सुनावणीची नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते. गावाकडचा जुना पत्ता तसाच ठेवून निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात राहणाऱ्यांनी तो आधी बदलून घ्यावा, नाहीतर निकाल एकतर्फी लागतो आणि कळतं ते पुढच्या नाकाबंदीत.

अटकेबाबत कायदा सरळ आहे. गणवेशातल्या पोलिसासमोर १८४ घडलं तर कलम २०२ खाली वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. १८३ त्या यादीत नाही. १८४ जामीनपात्र आहे, तरी गाडीतला नाशवंत माल जामिनाची वाट बघत नाही. मालकाने दुसरा चालक पाठवायची सोय ठेवलेली बरी.

मालक म्हटल्यावर एक तरतूद सांगायलाच हवी. १८३ चालकापुरतं नाही. नोकराला मर्यादा तोडून गाडी चालवायला लावणाराही त्यात येतो. पोटकलम ४ म्हणतं की ठरावीक वेळेत प्रवास पुरा करण्याचा आदेश दिला असेल आणि वेगमर्यादा पाळून तो शक्य नव्हता असं कोर्टाला वाटलं, तर तो आदेशच देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. "अमुक वाजता रांजणगावच्या गेटवर गाडी लागलीच पाहिजे" असा मेसेज म्हणूनच जपून ठेवावा. उलट बाजूने, कॅमेऱ्याचं चलान गाडीच्या नंबरवर येतं आणि चालक कोण होता हे सांगायची जबाबदारी कलम १३३ ने मालकावर टाकली आहे. एका गाडीवर दोन चालक असतील तर कोण कुठून कुठपर्यंत बसला याची वेळेसह नोंद ट्रिपशीटवर हवी. नाहीतर दुसऱ्याचा गुन्हा तुमच्या लायसन्सवर चढतो, शिवाय पगारातून कापला जातो तो वेगळा.

खटला उभा राहिलाच तर दोन्ही कलमांना लागू असलेला एक जुना बचाव तपासा. कलम २०९ प्रमाणे १८३ किंवा १८४ मध्ये शिक्षा व्हायला तीनपैकी एक गोष्ट झालेली असावी लागते: गुन्ह्याच्या वेळीच खटल्याची सूचना दिली होती, किंवा १४ दिवसांत चालकाला अथवा नोंदणीकृत मालकाला नोटीस पोचली किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवली गेली, किंवा २८ दिवसांत समन्स बजावलं. नाव-पत्ता प्रयत्न करूनही मिळाला नाही किंवा आरोपीच्याच वागण्यामुळे उशीर झाला, तर ही अट सुटते. मालकाच्या मोबाइलवर मेसेज कधी आला, पाकिटावर पोस्टाचा शिक्का कोणत्या तारखेचा आहे, हे फोटो काढून ठेवा.

अपघात झाला असेल तर १८४ सोबत भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ येतं, मृत्यू झाल्यास १०६, ज्याच्या पोटकलम १ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अशा वेळी "फक्त १८४ कबूल करा, दंड भरून मोकळे व्हा" असा सल्ला कोर्टाच्या आवारात सहज मिळतो. कबुली ही कबुलीच असते आणि ती पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात तुमच्यासमोर ठेवली जाऊ शकते. आधी दोषारोपपत्राची प्रत घ्या, त्यात कोणकोणती कलमं आहेत ते वकिलाकडून वाचून घ्या, आणि मगच सही करा.